टेप कोरी निघाली

शनिवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी घड्याळजी ग्रंथालयाचा मागचा जिना चढू लागले. तिसऱ्या मजल्यावर पुस्तकबांधणीच्या खोलीला लागून एक लांबट खोली होती. चौतीस वर्षांपूर्वी ती ग्रंथालयाने कॉम्प्युटर क्लबला वापरायला दिली होती आणि तेव्हापासून तिची किल्ली घड्याळजींकडे होती. त्यांनी दार उघडलं, दोन्ही खिडक्यांच्या वरच्या झडपा उघडल्या आणि भिंतीलगतच्या टेबलांवरच्या अकरा मशीनवरची आच्छादनं एकेक करून काढली. ही आच्छादनं म्हणजे त्यांच्या पत्नीने जुन्या चादरींच्या शिवलेल्या खोळी होत्या. प्रत्येक खोळ चौपदरी घडी करून त्या त्या टेबलाखालच्या फळीवर ठेवायची, असा शिरस्ता होता.

मशीन म्हणजे एकेकाळचे घरगुती कॉम्प्युटर. सगळं यंत्र कीबोर्डच्याच पोटात, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि लिहिलेलं जपून ठेवायला गाण्यांची असते तशी साधी कॅसेट. घड्याळजी प्रत्येक अडॅप्टर आधी मीटरला लावून पाहत. पाच व्होल्टच्या जागी साडेपाच दिसले, तर ते मशीन त्या दिवशी झोपून राही. आकडा बरोबर असला तर तो वहीत टिपून मशीन सुरू करायचं, दोन मिनिटं थांबायचं, मगच पुढचं. दहाला पाच कमी असताना अकराही टीव्ही उजळलेले असत आणि खोलीत तापलेल्या धुळीचा किंचित गोडसर वास पसरलेला असे.

त्या शनिवारीही त्यांनी हे सगळं केलं. फक्त कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं नाही. गेले तीन शनिवार ते उघडत नव्हते. त्या कपाटात पुसणी होती.

पुसणी हे क्लबने ठेवलेलं नाव. इस्त्रीसारखी मूठ असलेलं ते एक जड विद्युतचुंबक होतं. बटण दाबून कॅसेटच्या दोन्ही बाजूंवरून दहा दहा सेकंद फिरवलं, की कॅसेटवर जे असेल ते समूळ जाई. क्लबच्या चाचणीच्या टेप वर्षानुवर्षं तशाच पुसून पुन्हा वापरल्या जात. तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी दुपारी, घड्याळजींनी त्या पुसणीखाली दुसऱ्याची टेप धरली होती.

ती टेप सर्व्हेअरची होती. सर्व्हेअर म्हणजे क्लब काढणाऱ्या तिघांपैकी एक. दुसरे मास्तर आणि तिसरे स्वतः घड्याळजी. जमिनी मोजण्यात हयात घालवलेला, मोजकं बोलणारा माणूस. शेवटच्या दीड वर्षात त्यांचे कान पूर्ण गेले आणि ते मोजकं बोलणंही थांबलं. ते क्लबला येईनासे झाले. घरीच आपल्या खोलीत जुन्या मशीनसमोर बसून लिहीत. दोन महिन्यांपूर्वी ते वारले. त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, रेकॉर्डरमध्ये अडकलेली एक कॅसेट सापडली. मशीन, रेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन त्या क्लबमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "काय लिहिताय म्हणून मी विचारलं होतं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दाखवलं, 'तुझ्यासाठीच आहे. माझ्यामागे वाच.' आता तुम्हीच वाचून द्या, भावजी. मला यातलं काही कळत नाही."

क्लबचा एक नियम होता आणि तो सर्व्हेअरनीच घातलेला होता: बाहेरची टेप दोघं असल्याशिवाय हाताळायची नाही. एकाने काम करायचं, दुसऱ्याने फक्त बघायचं आणि रजिस्टरमध्ये दोघांनी सह्या करायच्या. घड्याळजी त्या गुरुवारी एकटेच आले. शनिवारी वहिनी येतील तेव्हा सगळं तयार असावं, एवढाच त्यांचा हेतू होता. आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी नंतर स्वतःशी कबूल केली. चौतीस वर्षांच्या मित्राने शेवटी काय लिहिलं, ते त्यांना सर्वांच्या आधी बघायचं होतं.

त्यांनी टेप आधी साध्या प्लेअरवर कानाने ऐकली. दोन्ही बाजूंवर तीन तीन ठिकाणी थांबून ऐकली. सहाही ठिकाणी ती भरलेली होती. मग सर्व्हेअरच्या रेकॉर्डरची चाचणी घ्यायची म्हणून त्यांनी क्लबची एक टेप पुसायला काढली. दोन्ही टेप एकाच खोक्यातल्या, निळ्या पट्टीच्या होत्या. क्लब कोऱ्या टेपचं खोकं एकदमच आणी आणि सभासदांना त्यातूनच देई. घड्याळजींच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात ज्या घड्याळाचं काम व्हायचं असे ते डाव्या हाताला ठेवलेलं असे. वहिनींच्या टेपचं काम व्हायचं होतं. हाताने ती डावीकडे ठेवली. एवढ्यात खालून शिपाई आला आणि खिडकीची झडप वाजते म्हणून कुरकुर करून गेला. घड्याळजी उठले, झडप लावली आणि परत येऊन बसले. क्लबमध्ये मात्र जी टेप पुसायची ती डावीकडे ठेवण्याची रीत होती. हाताने डावीकडची उचलली. दुकानाची सवय आणि क्लबची सवय, दोन्ही एकाच हाताच्या होत्या आणि इतक्या वर्षांत त्यांपैकी एकीनेही कधी दगा दिलेला नव्हता.

आपण काय केलं हे त्यांना दहा मिनिटांनी कळलं. मग त्यांनी त्या टेपवर जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. आवाज वाढवला, रेकॉर्डरचं हेड बदललं, संध्याकाळपर्यंत कानाला हेडफोन लावून बसले. ओसाड घरात वारा फिरावा तशी एक फुसफुस तेवढी ऐकू येत राहिली.

दोन दिवसांनी, शनिवारी, वहिनी आल्या. मास्तर उभे होते, क्लबचा सभासद ड्रायव्हर उभा होता. मास्तरांनी विचारलं, "काय निघालं?" आणि घड्याळजी म्हणाले, "कोरी निघाली."

इतकं सोपं होतं ते. वहिनी मशीन आणि रेकॉर्डर परत घेऊन गेल्या. दुसऱ्या सहीच्या जागी मास्तरांनी रजिस्टर न वाचताच सही केली, जशी ते नेहमी करत.

*

"अकराच्या अकरा उठले का?" दारातूनच ड्रायव्हरने विचारलं. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ घड्याळाच्या ठोक्याला दहा वाजता येई आणि वेळ पाळल्याचं श्रेय मोठ्या आवाजात घेई.

"उठले."

"माझ्या घरी दोनच माणसं आहेत, ती एका वेळी उठत नाहीत. तुम्हाला हे जमतं कसं?"

"त्यांना रात्री लवकर झोपवतो," घड्याळजी सवयीने म्हणाले. हा विनोद दोघांनी मिळून किती वर्षं चालवला होता कोण जाणे.

मास्तर आले. गणित शिकवून निवृत्त झालेले, क्लबचे अध्यक्ष, उंच आणि थोडे वाकलेले. त्यांच्या हातात एक लिफाफा होता. "ग्रंथालय समितीचं पत्र," ते म्हणाले. "खोली राहू द्यायची की बांधणीवाल्यांना द्यायची, ते पुढच्या महिन्यात ठरणार. आपण काय करतो ते एका पानात लिहून मागितलंय."

"लिहा की, दर शनिवारी अकरा म्हातारे उठवतो," ड्रायव्हर म्हणाला. "अन् वर आम्ही तिघं."

"लोकांच्या जुन्या टेप वाचून देतो, हेच लिहिणार आहे. गेल्या वर्षी एकोणतीस. एकही खराब केलेली नाही." मास्तरांनी चष्मा पुसला. "हे वाक्य आहे आपल्याकडे. बाकी कुणाकडे नाही."

घड्याळजींनी किटलीचं बटण दाबलं.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक वळणावर थांबत. वहिनी आत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. ड्रायव्हर पुढे झाला. "अहो, खालून हाक मारायची ना! गाडी स्टॉपवर न थांबताच वर आणलीत?"

वहिनी हसल्या नाहीत. पिशव्या टेबलावर ठेवून त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "मशीन आणलंय. तुमच्याकडे राहू दे. रेकॉर्डर आहे, वायरी आहेत, खेळांच्या टेप आहेत. कोपऱ्यातलं टेबल मंगळवारी माणूस घेऊन जाणार आहे. खोली रिकामी करतेय."

"इतक्यात?" मास्तर म्हणाले. "वहिनी, घाई कशाला?"

"धाकट्या बहिणीकडे जातेय राहायला. घर बंद करणार." त्या खुर्चीवर बसल्या. घड्याळजींनी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला, प्यायल्या नाहीत. "भावजी, तुम्हाला एक विचारायचं होतं. यातलं मला कळत नाही म्हणून विचारते. कळा दाबल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात यायचा. रोज सकाळी, दोन दोन तास. मग टेप कोरी कशी निघाली?"

घड्याळजी काही बोलत नाहीत असं पाहून मास्तरांनी समजुतीच्या स्वरात सुरुवात केली, "होतं असं कधीकधी. माणूस लिहितो आणि टेपवर उतरवायचं विसरतो. मशीन बंद झालं की सगळं गेलं."

"रोज विसरायचे? दीड वर्ष?"

मास्तरांनी हातातला लिफाफा उलटा करून पाहिला.

"ते जमिनीच्या मोजणीत वीतभर चूक करायचे नाहीत." वहिनींचा आवाज चढला नव्हता. दुकानदाराशी हिशेब बोलावा तशा त्या बोलत होत्या. "मी खूप विचार केला. मग माझं मलाच उत्तर सापडलं. लिहीत नव्हतेच ते. कळा नुसत्या दाबत बसायचे. आवाज आला की मी आत यायची नाही ना! कान गेल्यावर माझ्याशी बोलायचं म्हणजे चिठ्ठ्या लिहाव्या लागायच्या. त्याचा कंटाळा. मग हा मार्ग काढला. आणि मला सांगितलं, तुझ्यासाठी आहे."

"वहिनी, सर्व्हेअर तसा माणूस नव्हता," ड्रायव्हर म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"मलाही तसंच वाटत होतं. चव्वेचाळीस वर्षं." त्यांनी कप तसाच खाली ठेवला. "जाऊ दे. माणूस गेला, आता कुणाला विचारणार? तुमचा वेळ घेतला. येते मी."

"मी खालपर्यंत येतो," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यांच्यामागोमाग जिना उतरला.

घड्याळजी पिशवीतून सर्व्हेअरचं मशीन बाहेर काढत होते. कीबोर्डवरच्या कळांची अक्षरं झिजून गेली होती. काही कळांवर सर्व्हेअरनी नकाशावर लिहितात तशा ताठ अक्षरांत कागदाचे चतकोर चिकटवले होते. तेही झिजले होते. नुसत्या दाबायच्या कळांवर कुणी नव्याने अक्षरं चिकटवत नाही, हे सांगायला मशीन जाणणारा माणूस लागत नव्हता. पण वहिनींना ते सुचलं नव्हतं. त्यांनी टेपवर विश्वास ठेवला होता आणि टेपबद्दल घड्याळजींवर.

*

"मास्तर, बसा जरा," घड्याळजी म्हणाले.

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गुरुवार, दोन टेप, खिडकीची झडप, डावा हात. मास्तर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी समितीचा लिफाफा खिशात घातला, परत बाहेर काढला, परत घातला.

"माझी सही आहे त्यावर," शेवटी ते म्हणाले.

"आहे."

"मी त्या दिवशी इथे नव्हतो आणि 'समक्ष पाहिले' म्हणून सही केली."

"तुम्ही विचारलं नाहीत. मी सांगितलं नाही."

"तीन आठवडे!" मास्तरांचा आवाज फाटला आणि त्यांनी लगेच दाराकडे पाहिलं. "अरे, तीन आठवडे तू माझ्यासमोर बसून चहा पितोयस." एकेरीवर ते क्वचितच येत. मग खुर्चीत मागे टेकून त्यांनी डोळे मिटले आणि वर्गात अवघड उदाहरण सोडवताना ज्या सुरात बोलत असतील त्या सुरात म्हणाले, "आता नीट विचार करू. सांगितलं तर टेप परत येणार आहे?"

"नाही."

"तुला मजकूर ठाऊक आहे? एखादं वाक्य?"

"नाही. ऐकून कळत नाही त्यातलं. भरलेली होती एवढंच ठाऊक आहे."

"म्हणजे तू त्यांना सांगणार, की नवऱ्याने तुमच्यासाठी लिहिलं होतं, ते मी पुसलं आणि आता ते कधीच वाचता येणार नाही. आज त्या रागावल्या आहेत. रागावलेलं माणूस निदान उठून बहिणीकडे जातं. हे ऐकल्यावर काय करतील? त्यापेक्षा मी सांगतो ते ऐक. मशीन आहे. आपण म्हणू, मशीनमध्येच दोष सापडला. टेपवर उतरतच नव्हतं, त्यांना कळलं नाही. सर्व्हेअरही सुटला, त्याही सुटल्या."

घड्याळजींनी याचा विचार केला नव्हता असं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो केला होता आणि तेव्हा तो त्यांना फार चांगला वाटला होता. "सर्व्हेअर रोज लिहिलेलं परत वाचून तपासायचे," ते म्हणाले. "वहिनींनी शेजारी बसून पाहिलं असेल कधीतरी. त्या पुन्हा विचारतील. मी पुन्हा काहीतरी सांगेन. मी खोटं वाईट बोलतो असं वाटलं होतं मला, मास्तर. तसं नाही. मला चांगलं जमतं, हे या तीन आठवड्यांत कळलं."

"आणि क्लब? एक पान मागितलंय त्यांनी. काय लिहू मी? एकोणतीस वाचल्या, एक पुसली?"

"तसंच लिहा."

"खोली जाईल."

"जाईल कदाचित."

मास्तर उठले आणि खिडकीपाशी गेले. त्यांची पाठ या वर्षात अधिकच वाकली होती. "तुला सांगून मोकळं व्हायचंय," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "आपलं ओझं उतरवायचं आणि त्या बाईच्या डोक्यावर ठेवायचं. याला तू प्रामाणिकपणा म्हणतोस."

हा बाण वर्मी लागला, कारण घड्याळजींनाही तीच शंका होती. ते उत्तर देणार इतक्यात ड्रायव्हर धापा टाकत वर आला. "गेल्या रिक्षाने. रिक्षावाल्याला म्हटलं, हळू ने. तर म्हणतो, आजोबा, तुम्ही चालवून दाखवा." दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून तो थांबला. "काय झालं? कुठलं मशीन गेलं?"

"कुठलंही नाही," मास्तर म्हणाले.

*

रविवारी दुपारी घड्याळजी घरी एका मनगटी घड्याळाची स्प्रिंग बसवत होते. ती तीन वेळा निसटली. चौथ्या वेळी उडून पलंगाखाली गेली. त्यांच्या पत्नीने हातातली भाजीची परडी बाजूला ठेवली, वाकून स्प्रिंग शोधली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"काल संध्याकाळी मी वहिनींकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "सामान बांधायला. सर्व्हेअरभाऊंच्या चष्म्याचं घर दिसेना म्हणून मी विचारलं, भाऊंचा चष्मा कुठे ठेवला? तर म्हणाल्या, टाकला. कपडे बांधताना एकदाही त्यांचं नाव घेतलं नाही. 'हे शर्ट', 'ही पँट'. एखाद्या भाडेकरूचं सामान असावं तसं."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि पत्नीलाही सांगितलं. मास्तरांना सांगितलं होतं त्यापेक्षा हे अवघड गेलं.

"तीन आठवडे तुम्ही आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "तेव्हाच मला संशय यायला हवा होता."

"मास्तर म्हणतात, मी माझं ओझं वहिनींच्या डोक्यावर ठेवणार."

"मास्तर हुशार आहेत." त्या परडी घेऊन पुन्हा शेंगा सोलू लागल्या. "पण ओझं तिच्या डोक्यावर आहेच की. तुम्ही ठेवलंय ते, तीन आठवड्यांपूर्वी. कसलं आहे ते तिला ठाऊक नाही, एवढंच." चार शेंगा सोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मी येऊ का बरोबर?"

"नको."

"ती तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही कदाचित. आणि मलाही."

"तुला का?"

"मी तुमची बायको आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "जा तुम्ही. मी बघीन माझं काय ते."

घड्याळजींनी स्प्रिंग डबीत ठेवली. ते काम त्या दिवशी त्यांच्याने होणार नव्हतं.

*

सोमवारी दुपारी दोन वाजता त्यांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, मग पुन्हा विचार करून पूर्ण ओढलं आणि कुलूप लावलं. सर्व्हेअरचं घर पंधरा मिनिटांवर होतं. वाटेत त्यांनी सुरुवातीचं वाक्य तीन तऱ्हांनी जुळवून पाहिलं. तिन्हींत 'वहिनी, काय झालं की' असं येत होतं, आणि काही आपोआप झाल्यासारखा तो सूर त्यांना नको होता.

वहिनींनी दार उघडलं. पुढच्या खोलीत दोरीने बांधलेली खोकी एकावर एक रचलेली होती. "या, भावजी. बसायला जागा नाही बघा. त्या खोक्यावर बसा, त्यात भांडीच आहेत."

"नको. उभाच राहतो."

"पाणी आणते."

"आधी ऐका, वहिनी. मग आणावंसं वाटलं तर आणा." त्यांचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते पाठीमागे धरले. "टेप कोरी नव्हती. भरलेली होती. मी पुसली."

वहिनी तशाच उभ्या राहिल्या. त्यांना कळलं नसावं असं वाटून घड्याळजींनी पुढचं सांगितलं. गिऱ्हाइकाला घड्याळातला बिघाड समजावून सांगावा तसं, क्रमाने. टेप आधी ऐकली. दोन्ही बाजूंनी. सहा ठिकाणी थांबून. मग रेकॉर्डरची चाचणी घ्यायची म्हणून क्लबची दुसरी टेप पुसायला घेतली आणि पुसली ही. दोघांनी मिळून करायचं काम होतं, ते एकट्याने केलं. त्या शनिवारी तुम्ही आलात तेव्हा कोरी निघाली म्हणून सांगितलं. परवा तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प बसलो.

"सहा ठिकाणी," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"सहाही ठिकाणी होतं?"

"सहाही ठिकाणी. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. दोन्ही बाजूंना. दुसरी बाजू अगदी टोकापर्यंत भरत आली होती."

"कसं असतं ते? ऐकताना?"

"आधी एक लांब शिट्टी. मग खरखर, जाड कागद एकसारखा फाडत राहावं तशी. मग थोडं थांबतं. मग पुन्हा शिट्टी. त्यांनी एकेक दिवसाचं वेगवेगळं उतरवलं असणार, म्हणून मधे मधे थांबत होतं."

"त्यातलं कळत नाही काही?"

"नाही. कुणालाच नाही. मशीनला कळतं, आणि मशीनला द्यायच्या आधीच मी..." वाक्य पुरं करणं भाग होतं. "पुसलं."

"परत नाही येत?"

"नाही. मी सगळं करून पाहिलं. नाही येत."

वहिनींनी भिंतीचा आधार घेतला आणि भांड्यांच्या खोक्यावर स्वतःच बसल्या. त्या समोरच्या, सर्व्हेअरच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहू लागल्या. मग बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज घड्याळजींनी पूर्वी कधी ऐकला नव्हता असा होता. "तीन आठवडे मी या घरात त्या माणसाला काय काय बोलले आहे, ठाऊक आहे तुम्हाला? मोठ्याने बोलत होते. एकटी. ढोंगी म्हटलं. त्याचा चष्मा कचऱ्यात टाकला मी, भावजी. मंगळवारी कचऱ्याची गाडी येते, तिच्यात स्वतःच्या हाताने टाकला. तुमच्या एका शब्दावर."

"हो."

"नुसतं हो म्हणू नका!"

माफीचे शब्द घड्याळजींपाशी होते. पण ते उच्चारले तर वहिनींना त्यावर काहीतरी बोलावं लागलं असतं आणि तेवढंही मागण्याचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं.

"मास्तरांना ठाऊक होतं?"

"परवा तुम्ही गेल्यावर सांगितलं. त्याआधी नाही. सही त्यांची असली तरी दोष त्यांचा नाही."

"तुमच्या बायकोला?"

"काल सांगितलं."

वहिनींनी मान हलवली. त्यांचे डोळे कोरडे होते. पदराचं टोक त्या बोटांभोवती गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, पुन्हा टेकवली. घड्याळजींना वाटलं, आता त्या 'जा' म्हणतील. आणि जायची तयारी म्हणून त्यांनी चपलांकडे पाहिलंही.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून. टेप प्लेअरमध्ये घातलीत, तिथपासून. हळू सांगा."

घड्याळजींनी पाठीमागे धरलेले हात सोडले. त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली आणि या खेपेला आपण त्या गुरुवारी एकटेच का आलो होतो, तेही सांगितलं.